रिकाम्या खोक्याचा पुनर्जन्म

दसरा-दिवाळीची खरेदी आटोपली की शहरांतील घराघरांत रिकामी खोकी मुक्कामाला येतात. दूरचित्रवाणी संचाचे खोके माळ्यावर जाते, मिक्सरचे पलंगाखाली सरकते आणि घरपोच आलेल्या वस्तूंची लहानमोठी खोकी दाराआड एकमेकांवर चढू लागतात. 'कधीतरी उपयोगी पडेल' या भाबड्या आशेवर ती वर्षभर जागा अडवून बसतात आणि पावसाळ्यात ओल धरली की कचऱ्याच्या डब्याची वाट धरतात. वास्तविक पन्हळी पुठ्ठ्याचे खोके ही घरात फुकट येणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत गुणी वस्तू होय. ते हलके असूनही भार पेलते, साध्या सुरीने कापले जाते, वाटेल तसे दुमडते, रंग स्वीकारते आणि काम संपल्यावर पुन्हा कागद होऊ शकते.

मात्र हा शेवटचा गुणच बहुतेकांच्या विस्मरणात जातो. टाकाऊतून टिकाऊ करण्याच्या उत्साहात पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा चकाकता कागद, थर्माकोलचे मणी, चमकी आणि न निघणारा गोंद यांचा मारा केला जातो. आठ दिवसांची हौस भागते आणि रद्दीत सहज खपला असता असा पुठ्ठा कायमचा कचरा होतो. म्हणून खोक्याच्या पुनर्वापराचा विचार टप्प्याटप्प्याने करावा. आधी त्याला खोके म्हणून वापरावे, मग फळी म्हणून आणि अखेरीस लगदा वा माती म्हणून. पुढच्या टप्प्याची वाट बंद होणार नाही, ही प्रत्येक टप्प्यावरची अट असावी.

टोपीतून निघालेला पुठ्ठा

नागमोडी घड्यांच्या कागदाचा पहिला पेटंट १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड हीली आणि एडवर्ड ॲलन यांनी घेतला. तो खोक्यांसाठी नव्हता. पुरुषांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी हा कागद वापरला जाई. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या आणि कंदिलांच्या काचा गुंडाळण्यासाठी पन्हळी कागदाचा पेटंट मिळविला. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी या पन्हळींना सपाट कागदाचे अस्तर जोडले आणि आजच्या पुठ्ठ्याचा आराखडा तयार झाला.

पुठ्ठ्याचे खोके स्वस्त आणि सार्वत्रिक होण्याचे श्रेय मात्र एका चुकीला दिले जाते. १८७९ च्या सुमारास ब्रुकलिनमधील छपाई आणि कागदी पिशव्यांचे कारखानदार रॉबर्ट गेअर यांच्या यंत्रातील घडी पाडणारी धातूची पट्टी जागची सरकली आणि तिने पिशव्यांना घडी पाडण्याऐवजी त्या कापल्या. एकाच दाबात कापणे आणि घडी पाडणे ही दोन्ही कामे होऊ शकतात, हे गेअर यांच्या लक्षात आले. सपाट अवस्थेत पाठविता येणारे आणि जागेवर उभे करता येणारे खोके त्यातूनच आले. घरात पुठ्ठा कापताना आजही हेच तत्त्व कामी येते. जिथे वेगळे करायचे तिथे कापावे, जिथे वळवायचे तिथे नुसता दाब द्यावा.

खोके ओळखावे कसे?

खोक्याची कड जवळून पाहिली की त्याचे पदर मोजता येतात. दोन सपाट कागदांमध्ये पन्हळींचा एक थर असेल तर तो तीन पदरी पुठ्ठा. बूट, पुस्तके, किराणा यांची खोकी बहुधा अशी असतात. तीन सपाट कागद आणि त्यांमध्ये पन्हळींचे दोन थर असतील तर तो पाच पदरी. जड यंत्रे, फळे, फरशा यांच्यासाठी असा पुठ्ठा वापरतात. शीतकपाट किंवा धुलाईयंत्राचे खोके याहूनही भक्कम असू शकते. बिस्किटे, औषधे किंवा टूथपेस्ट यांची पातळ, पन्हळ नसलेली खोकी निराळ्या जातीची. ती भार पेलत नाहीत, पण शाळकरी प्रकल्पांना आणि लहान डब्यांना उत्तम.

पुठ्ठ्याची सारी ताकद पन्हळींच्या दिशेत असते. पन्हळी उभ्या ठेवल्या तर त्या शेकडो बारीक खांबांसारख्या भार पेलतात. आडव्या ठेवल्या तर तोच पुठ्ठा वजनाखाली चेपतो. कारखान्यातून आलेल्या खोक्याच्या भिंतींत पन्हळी उभ्या असतात, त्या यासाठीच. एकावर एक रचलेल्या खोक्यांचा बराचसा भार चार कोपरे उचलतात. म्हणूनच कोपरे चेपलेले खोके दिसायला धड असले तरी जड सामानासाठी वापरू नये.

पुठ्ठ्याचा खरा शत्रू ओल. हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात गेली की पुठ्ठ्याची भार पेलण्याची ताकद निम्म्यावर येते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अशी हवा ही नवलाई नव्हे. मार्च महिन्यात डौलाने उभी असलेली खोक्यांची चळत जुलैमध्ये कलंडते, त्यामागे हेच कारण असते. पुठ्ठ्याची कोणतीही वस्तू करताना ती जमिनीपासून दोन बोटे उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर राहील, याची व्यवस्था आधी करावी.

आधी खोके म्हणूनच

सर्वांत कमी श्रमाचा आणि पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत चांगला उपयोग म्हणजे खोके पुन्हा खोके म्हणून वापरणे. धारावीतील पुठ्ठ्याचे कारागीर हे फार पूर्वीपासून करीत आले आहेत. शहरभरातून गोळा झालेली खोकी तिथे उलगडली जातात, आतली बाजू बाहेर करून पुन्हा दुमडली आणि शिवली जातात. जुन्या कंपनीची छपाई आत दडते आणि कोऱ्या दिसणाऱ्या खोक्याला नवे गिऱ्हाईक मिळते. फाटलेला पुठ्ठा लहान खोक्यांसाठी कापला जातो आणि जे उरते तेच कागद गिरण्यांकडे जाते. घरातही हाच क्रम ठेवण्यासारखा आहे.

खोके उलटे करण्याची ही युक्ती घरी सहज साधते. खोक्याचा चिकटविलेला किंवा टाचलेला एकच उभा जोड असतो. तो सुरीने अलगद सोडवावा, पुठ्ठा सपाट करावा, घड्या उलट्या दिशेने वळवाव्यात आणि तो जोड खळीने पुन्हा चिकटवावा. रंग, कागद, कापड यांचा काहीही खर्च न करता एकसारखी तपकिरी खोकी तयार होतात. कपाटाच्या फळीवर ती ओळीने मांडली आणि प्रत्येकावर आतील वस्तूंचे नाव लिहिले की बाजारातील महागड्या प्लॅस्टिकच्या डब्यांची गरज उरत नाही.

घर बदलताना काही साधी पथ्ये पाळावीत. पुस्तके नेहमी लहान खोक्यात भरावीत. मोठ्या खोक्यात भरलेली पुस्तके तळ फोडून बाहेर येतात. उश्या, चादरी, स्वेटर यांना मोठी खोकी द्यावीत. काचसामानाच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी करावी. पट्ट्यांना निम्म्या उंचीपर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत अडकविल्या की अंड्यांच्या खोक्यासारखे खण तयार होतात. नव्या घरी पोहोचल्यावर हीच जाळी खणांमधील मोजे, वायरी आणि औषधे वेगळी ठेवायला उपयोगी पडते.

हापूसची खोकी हा महाराष्ट्रातील घरांचा खास ऐवज. पूर्वी आंबा लाकडी पेटीत, पेंढ्यात येई. आता तो बहुधा एक-दोन डझनांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतो. हवा खेळती राहावी म्हणून या खोक्यांना भोके असतात आणि पुठ्ठा पुरेसा जाड असतो. अक्षय्य तृतीयेनंतर घरात साचणारी ही खोकी कांदे-बटाटे, लसूण किंवा पिकायला ठेवलेली पपई-केळी यांच्यासाठी आयती सोय होय. कांदे आणि बटाटे मात्र वेगवेगळ्या खोक्यांत ठेवावेत. एकत्र ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात.

पुठ्ठ्याच्या खोक्यावर किती विश्वास टाकता येतो, याचे एक उदाहरण फिनलंडमध्ये आढळते. तिथे १९३८ पासून गरजू मातांना आणि १९४९ पासून सर्वच मातांना सरकारकडून बाळंतविड्याचे खोके दिले जाऊ लागले. त्यात कपडे, दुपटी आणि तळाशी लहानशी गादी असते. सामान काढून घेतले की तेच खोके बाळाचा पहिला बिछाना होते. अर्थात ते त्यासाठीच बनविलेले कोरे खोके असते. दुकानातून आलेल्या, धूळ आणि शाई लागलेल्या खोक्यात तान्ह्या बाळाला निजविण्याचा प्रयोग कोणी करू नये.

मग फळी म्हणून

खोके म्हणून उपयोग संपला की त्याचे सपाट तक्ते करावेत. इथून कल्पकतेला वाव मिळतो. या टप्प्यावर काय साधता येते, याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच पाहायला मिळाला. ग्रामीण शाळांतील असंख्य मुले जमिनीवर बसून, पाठ वाकवून लिहितात. २०१४ च्या सुमारास 'आरंभ' या स्वयंसेवी संस्थेने टाकाऊ खोक्यांच्या पुठ्ठ्यापासून अशा मुलांसाठी लिहिण्याचे मेज तयार केले. एका तक्त्यावर ठराविक जागी कापून आणि घड्या पाडून ते बनविले जाई. शाळेत ते उतरत्या पाठीचे मेज होई आणि सुट्टी झाली की दुमडून त्याचेच दप्तर होई. एका मेजाचा खर्च दहा रुपयांच्या आसपास होता. त्याला ना खिळा लागला, ना लाकूड.

घरी असे मेज करायचे तर पाच पदरी पुठ्ठा घ्यावा. समोरची बाजू सुमारे पंधरा सेंटिमीटर आणि मागची बाजू वीस-बावीस सेंटिमीटर उंच ठेवली की लिहिण्याजोगा उतार मिळतो. दोन्ही बाजूंच्या पाखांत पन्हळी उभ्या याव्यात, हे पाहावे. हाच आराखडा लहान प्रमाणात केला की लॅपटॉप ठेवण्याची घडवंची होते. तिला मागून दोन-तीन मोठी भोके ठेवावीत, म्हणजे यंत्राची उष्णता कोंडत नाही.

यापुढची पायरी म्हणजे पुठ्ठ्याचा चौरंग किंवा बैठे स्टूल. त्यासाठी एकसारख्या उंचीच्या बारा-चौदा पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टीत पन्हळी उभ्या असाव्यात. पुठ्ठ्याच्या जाडीइतक्याच रुंद खाचा निम्म्या उंचीपर्यंत पाडाव्यात आणि पट्ट्या उभ्या-आडव्या गुंफून जाळी तयार करावी. वर आणि खाली दुहेरी तक्ता खळीने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवावा. खण जितके लहान तितका चौरंग भक्कम. ही करामत केवळ हौसेपुरती नाही. २०२० मध्ये दिल्लीच्या छत्तरपूर भागात दहा हजार खाटांचे कोविड उपचार केंद्र उभारताना पुठ्ठ्याचे पलंग वापरण्यात आले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाडूही पुठ्ठ्याच्या पलंगांवर झोपले. हे पलंग सुमारे दोनशे किलो वजन पेलतील, असे त्यांचे गणित होते.

जपानचे वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी तर कागदाच्या जाड नळ्यांपासून घरे उभी केली. १९९५ मधील कोबेच्या भूकंपानंतर आणि २००१ मध्ये भुजच्या भूकंपानंतर त्यांनी अशी निवाऱ्याची घरे बांधली. २०१४ मध्ये त्यांना वास्तुरचनेतील मानाचे प्रित्झकर पारितोषिक मिळाले. कापडाच्या आणि गालिच्याच्या दुकानांतून मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्यांकडे या दृष्टीने पाहिल्यास चपलांची मांडणी किंवा छत्र्यांचे उभे कपाट सहज सुचते.

मखर आणि आकाशकंदील

मराठी घरांत पुठ्ठ्याला खरा मान मिळतो तो गणेशोत्सवात. बरीच वर्षे मखर म्हटले की पांढरेशुभ्र थर्माकोल असेच समीकरण होते. २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर थर्माकोलवरही बंदी घातली. त्या वर्षी सजावटीसाठी सवलत मागण्यात आली, ती मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. तेव्हापासून पुठ्ठ्याच्या मखरांकडे ओढा वाढला आणि घरच्या घरी मखर करणारेही पुढे आले.

घडीचे मखर करण्यात खरी गंमत आहे. मागची भिंत, दोन बाजूंचे खांब आणि वरची महिरप असे चार भाग कापावेत. ते गोंदाने न जोडता एकमेकांच्या खाचांत बसवावेत. विसर्जनानंतर ते सुटे करून सपाट अवस्थेत पलंगाखाली ठेवता येतात आणि पुढील वर्षी दहा मिनिटांत पुन्हा उभे राहतात. महिरपीची नक्षी आधी वर्तमानपत्रावर काढून, कागद मधोमध दुमडून कापली तर दोन्ही बाजू सारख्या येतात. रंगासाठी गेरू आणि त्यावर चुन्याची पांढरी रांगोळीसारखी नक्षी पुठ्ठ्याच्या तपकिरी रंगावर विशेष खुलते. जुन्या साडीचे काठ किंवा लग्नपत्रिकांचे कागद खळीने लावले तरी चालतात. प्लॅस्टिकचे आवरण असलेले सोनेरी कागद टाळावेत.

मूर्तीचा भार मात्र कधीही पुठ्ठ्यावर टाकू नये. मूर्ती लाकडी पाटावर किंवा चौरंगावर बसवावी आणि पुठ्ठ्याचे मखर तिच्याभोवती उभे करावे. समई, निरांजन, उदबत्ती यांच्यापासून मखर पुरेसे दूर असावे. आरतीच्या गर्दीत कोणाचा धक्का लागला तरी ज्योत पुठ्ठ्यापर्यंत पोहोचणार नाही, असे अंतर हवे. आकाशकंदिलाच्या बाबतीतही हीच दक्षता. पुठ्ठ्याचा सांगाडा आणि रंगीत पतंगी कागद यांचा कंदील देखणा होतो, पण त्यात तापणारा जुना पिवळा दिवा न लावता एलईडी दिवाच लावावा.

मुलांचे राज्य

अमेरिकेत रॉचेस्टर येथे खेळण्यांचे राष्ट्रीय मानदालन आहे. नामवंत खेळण्यांच्या पंक्तीत तिथे २००५ मध्ये साध्या पुठ्ठ्याच्या खोक्याला स्थान देण्यात आले. खेळणे बाजूला टाकून त्याच्या खोक्यात रमलेले मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या निवडीचे आश्चर्य वाटणार नाही. लॉस एंजेलिसमधील एका नऊ वर्षांच्या मुलाने वडिलांच्या वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात, तिथल्याच खोक्यांतून खेळांची अख्खी जत्रा उभारली होती. तिच्यावरील लघुपट २०१२ मध्ये जगभर पाहिला गेला आणि अनेक देशांतील शाळांत खोक्यांतून खेळ बनविण्याचे उपक्रम सुरू झाले.

महाराष्ट्राला या बाबतीत दूर जाण्याची गरज नाही. पुण्यात 'आयुका'च्या विज्ञान केंद्रात दीर्घकाळ काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून विज्ञानाची खेळणी बनविण्याचा छंद देशभर पोहोचविला. काडेपेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे, पुठ्ठा हीच त्यांची प्रयोगशाळा. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. मुलाने खेळणे मोडून आत पाहावे, ही त्यांची भूमिका पुठ्ठ्याला तंतोतंत लागू पडते. मोडले तर ओरडा बसत नाही आणि दुसरे खोके फुकट मिळते.

मोठ्या खोक्याचे भातुकलीचे स्वयंपाकघर, बाहुलीनाट्याचा रंगमंच किंवा दिवाळीच्या किल्ल्यातील बुरूज आणि दरवाजे हे सर्वांच्या ओळखीचे. सदनिकेत माती आणायची सोय नसेल तर गॅलरीत पुठ्ठ्याचा सांगाडा आणि त्यावर खळीत भिजविलेले वर्तमानपत्र अशा पद्धतीने संपूर्ण किल्ला करता येतो.

विज्ञानाची गोडी लावणारा एक प्रयोग म्हणजे सूर्यग्रहण पाहण्याचे खोके. लांब खोक्याच्या एका बाजूला चौकोनी भोक पाडून त्यावर ॲल्युमिनियमचा कागद लावावा आणि त्याला टाचणीने एकच बारीक छिद्र पाडावे. समोरच्या आतील बाजूवर पांढरा कागद लावावा. छिद्राच्याच बाजूला, त्यापासून थोडे हटून डोकावण्यासाठी खिडकी ठेवावी. सूर्याकडे पाठ करून उभे राहिले की खांद्यावरून आलेला प्रकाश छिद्रातून आत शिरतो आणि कागदावर सूर्याचे बिंब उमटते. छिद्र आणि पडदा यांतील अंतर एक मीटर असेल तर हे बिंब साधारण नऊ मिलिमीटरचे दिसते. खोके जितके लांब, तितके बिंब मोठे. छिद्रातून सूर्याकडे थेट मात्र कधीही पाहायचे नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजीचे सूर्यग्रहण भारताच्या बऱ्याच भागांतून खंडग्रास दिसणार असल्याने शाळांना हा प्रयोग करून पाहण्याची चांगली संधी आहे.

उन्हावरचा वरणभात

दोन खोक्यांत स्वयंपाक करता येतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. अमेरिकेतील ॲरिझोनात बार्बरा केर आणि शेरी कोल यांनी १९७० च्या दशकात पुठ्ठ्याच्या खोक्यांची सौरचूल तयार केली आणि ती कोणालाही घरी करता येईल, अशी सोपी केली. केनियात राहणारे नॉर्वेचे जॉन बोमर यांनी याच तत्त्वावर बनविलेल्या 'क्योटो बॉक्स'ला २००९ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'च्या हवामानबदलविषयक स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.

कृती अवघड नाही. एक खोके दुसऱ्यात असे बसवावे, की चारही बाजूंनी आणि तळाशी सुमारे पाच सेंटिमीटर जागा राहील. त्या पोकळीत वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे भरावेत. आतल्या खोक्याला ॲल्युमिनियमचा कागद खळीने लावावा, तळाशी काळ्या रंगाचा पत्रा ठेवावा आणि वर काच बसवावी. बाहेरच्या खोक्याचे झाकण आतून ॲल्युमिनियमचा कागद लावून आरशासारखे तिरके उभे करावे. झाकण असलेल्या काळ्या पातेल्यात भात किंवा डाळ ठेवली तर मार्च ते मेच्या स्वच्छ उन्हात दोन-तीन तासांत शिजते. शेंगदाणे भाजणे, रवा कोरडा करणे, पाणी तापविणे ही कामेही होतात. काच उचलताना जाड फडके हातात घ्यावे, कारण आतील तापमान शंभर अंशांच्या पुढे जाऊ शकते. पावसाचे चार महिने ही चूल कपाटावर कोरडी ठेवावी लागते.

ॲल्युमिनियमचा कागद लावलेला पुठ्ठा रद्दीत चालत नाही, हे खरे. पण ही चूल नीट जपल्यास काही उन्हाळे टिकते आणि इंधन वाचविते. चार दिवसांच्या सजावटीसाठी पुठ्ठ्याला धातू किंवा प्लॅस्टिक चिकटविणे आणि अनेक वर्षांच्या कामासाठी ते करणे यांतील फरक इथे स्पष्ट होतो.

पाळीव प्राण्यांसाठी

मांजरीला खोके आवडते, ही केवळ गमतीची गोष्ट नव्हे. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरींपैकी काहींना लपण्यासाठी खोकी दिली. खोकी मिळालेल्या मांजरींचा ताण इतरांपेक्षा लवकर कमी झाला. घरात नवी मांजर आणल्यावर दोन बाजूंना भोके पाडलेले खोके शांत कोपऱ्यात ठेवावे. उरलेल्या पुठ्ठ्याच्या चार-पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या गुंडाळून घट्ट चकती केली की ओरखडण्याची जागा तयार होते आणि सोफ्याचे कापड वाचते.

हत्यारे आणि खळ

पुठ्ठ्याच्या कामाला धारदार कटर, लोखंडी पट्टी आणि दाभण एवढे पुरते. बोथट पात्याने पुठ्ठा चेपतो आणि हात घसरतो, म्हणून पाते वेळीच बदलावे. एका दमात आरपार कापण्यापेक्षा दोन-तीन हलक्या रेघांत कापणे सुरक्षित. घडी पाडण्यासाठी पट्टी धरून चमच्याच्या दांड्याने किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढावी. पन्हळींना आडव्या जाणाऱ्या घडीला जास्त दाब द्यावा लागतो. खोक्याच्या जोडांवरील लोखंडी टाचण्या कामाला बसण्यापूर्वीच काढाव्यात. मुलांच्या बोटांना त्यांनी जखमा होऊ शकतात.

चिकटविण्यासाठी घरची खळ सर्वांत चांगली. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा, चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत चकचकीत होईपर्यंत शिजवावा. पुस्तक बांधणारे कारागीर किडीपासून रक्षण व्हावे म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या कामात टाळावे आणि त्याऐवजी खळ ताजी करून दोन दिवसांत संपवावी. कारखान्यातही पन्हळी चिकटविण्यासाठी पिष्टाचीच खळ वापरली जाते. त्यामुळे घरची खळ पुठ्ठ्याच्या पुढील प्रवासात आड येत नाही.

अखेरीस माती किंवा लगदा

वापरून जीर्ण झालेल्या पुठ्ठ्याचे दोन मार्ग उरतात. तेलकट, ओला किंवा मळलेला पुठ्ठा घरच्या खतात जिरवावा. पिझ्झाच्या खोक्याचे स्वच्छ झाकण फाडून रद्दीत द्यावे आणि तेल लागलेला तळ खताच्या टोपलीत घालावा. चिकटपट्ट्या आणि टाचण्या काढून पुठ्ठ्याचे दोन बोटे रुंदीचे तुकडे करावेत. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात ते मिसळले की जास्तीचे पाणी शोषले जाते, हवा खेळती राहते आणि दुर्गंधी कमी होते. कुंडीत मातीवर पुठ्ठ्याचे आच्छादन घातले तर उन्हाळ्यात पाणी कमी लागते आणि तण उगवत नाही. गुळगुळीत, चकचकीत छपाईचा पुठ्ठा मात्र यासाठी घेऊ नये.

स्वच्छ आणि कोरडा पुठ्ठा रद्दीत द्यावा. कागदाचे तंतू साधारण पाच ते सात वेळा पुन्हा वापरता येतात. प्रत्येक वेळी ते थोडे आखूड होतात. आपल्याकडील खोक्यांचा तपकिरी कागद मोठ्या प्रमाणावर जुन्या खोक्यांतूनच तयार होतो. गुजरातमधील वापी हे अशा कागद गिरण्यांचे एक प्रमुख केंद्र आहे. मुंबईत आज टाकलेले खोके पुढे नव्या वस्तूभोवती गुंडाळून परत येणे मुळीच अशक्य नाही.

या साखळीतील पहिला दुवा असतो कचरावेचक. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करण्याचे काम सुरू केले. सुक्या कचऱ्याच्या विक्रीतून येणारे पैसे या कष्टकऱ्यांच्या मिळकतीचा महत्त्वाचा भाग असतात. ओला आणि सुका कचरा वेगळा देणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले. त्या नियमाचा अर्थ पुठ्ठ्याच्या बाबतीत फार ठोस आहे. आमटी सांडलेल्या खोक्याला भाव येत नाही. कोरड्या आणि सपाट केलेल्या खोक्याला येतो. घरच्या माणसाला जी दोन मिनिटांची तसदी, ती वेचणाऱ्या बाईची त्या दिवसाची कमाई असू शकते.

हे लक्षात असू द्यावे

● खोकी उभी न साठवता उलगडून, सपाट करून, गठ्ठा बांधून ठेवावीत. त्यांना एकदशांश जागाही लागत नाही.

● हमीची मुदत संपेपर्यंत दूरचित्रवाणी संच, संगणक अशा नाजूक वस्तूंचे मूळ खोके राखून ठेवावे. दुरुस्तीला पाठविताना ते कामी येते.

● झुरळे आणि कसर पन्हळींत अंडी घालतात आणि वाळवी पुठ्ठ्यावर ताव मारते. दुकानातून आणलेले खोके स्वयंपाकघरात नेण्यापूर्वी झटकून उन्हात ठेवावे आणि साठा दर तीन महिन्यांनी तपासावा.

● छापील किंवा जुन्या कागदापासून बनलेल्या पुठ्ठ्यात शाईचे अंश असू शकतात. फरसाण, भाकरी, मिठाई असे तयार पदार्थ त्यावर थेट ठेवू नयेत.

● साध्या पुठ्ठ्यात आम्लाचा अंश असतो. जुनी छायाचित्रे, महत्त्वाची कागदपत्रे, पैठणी आणि रेशमी वस्त्रे दीर्घकाळ ठेवायची झाल्यास मधे धुतलेल्या मलमलीचे आवरण असावे.

● गॅसची शेगडी, देवघरातील दिवा, इस्त्री आणि विजेचा मीटर यांच्याजवळ पुठ्ठ्याची कोणतीही वस्तू ठेवू नये. जिन्यात किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर खोक्यांची चळत रचणे आगीच्या वेळी जिवावर बेतू शकते.

● रद्दीत देण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या चिकटपट्ट्या, पत्त्याच्या चिठ्ठ्या आणि थर्माकोलचे तुकडे काढून टाकावेत. पत्त्याच्या चिठ्ठीवर नाव आणि दूरध्वनी क्रमांक असतो, म्हणून ती फाडूनच टाकणे शहाणपणाचे.

● पावसाळ्यात पुठ्ठा साठवू नये. जूनच्या पहिल्या सरीपूर्वी माळा रिकामा करून उरलेली खोकी कोरडी असतानाच रद्दीवाल्याच्या हवाली करावीत.